गिऱ्हाइकाचं म्हणणं

॥ श्री ॥
बेलापूर,
१४ फेब्रुवारी १९७२

चि. बन्सीस आप्पाचा आशीर्वाद.

आम्ही इथं ठीक आहोत. तूही तिथं ठीक असशील असं धरून चालतो, कारण तुझ्या पत्रात खेळाशिवाय दुसरं काही नसतं. दोन वेळा जेवतोस का, एवढं तरी एका ओळीत लिहीत जा. शामकांतला नमस्कार सांग. तुम्ही दोघं कारखान्यातल्या नोकऱ्या सोडून पुण्यात एका खोलीत पुठ्ठे कापत बसलात, हे आता गावभर झालंय. परवा एकानं दुकानात विचारलं, "आप्पा, पोरगं चंद्रावर कधी निघालं?" मी म्हटलं, "तिकीट काढलंय, गाडीला अजून वेळ आहे."

'अंतरिक्ष-संग्राम'चे डबे पोचले. सोबत 'ग्राहकांचा अभिप्राय' म्हणून छापील कागदही पोचले. बाबा रे, गिऱ्हाइकाला विचारून काही कळत नसतं. मी कंगवे-बांगड्या-वह्या विकता विकता म्हातारा झालो. गिऱ्हाईक तोंडावर झकास म्हणतं आणि पायरी उतरलं की शेजारच्याला खरं सांगतं. म्हणून मी तुझे कागद गल्ल्याखाली ठेवले, एक डबा फोडला आणि पट दुकानाच्या ओट्यावर मांडला. बसायला पोतं टाकलं. मग आपण पाठमोरा होऊन बरण्या पुसत बसलो. कान मात्र मागं.

ऐकलं ते असं. पहिली गोष्ट म्हणजे नाव. एकालाही ते धड म्हणता येत नाही. "ते विमानांचं द्या" असं म्हणतात. दुसरं डब्यावरचं चित्र. बाणाला आग लागलेली दाखवली आहेस, त्यावरून बायका विचारतात, "दिवाळी होऊन गेली की, आता फटाके कशाला आणलेत?" चित्र काढायचंच तर चार माणसं पटाभोवती बसलेली काढ. माणूस माणसाला बघून दुकानात शिरतो.

नियमांचं पुस्तक तर कोर्टाच्या नोटिशीसारखं झालंय. आपले नृसिंह मास्तर, शाळेत सायन्स शिकवतात तेच, त्यांनी ते मोठ्यानं वाचलं आणि पहिल्या पानावरच चष्मा पुसायला काढला. मी सांगतो ते लोकांना लगेच कळतं: मधमाशीच्या पोळ्यासारखी घरं आहेत, दोन्ही बाजूंना पाच-पाच यानं, फासा टाकून पुढं सरकायचं, समोर वैरी आला की तोफ डागायची, इंधनाच्या चिठ्ठ्या संपल्या की यान जागच्या जागी थांबलं. एवढंच झाकणाच्या आत छाप, पुस्तक काढून टाक. आणि यानं फार हलकी आहेत. समोरून एस.टी. गेली की दोन्ही फौजा ओट्याखाली.

एकदोन जणी म्हणाल्या, आत्ताच तर खरी लढाई झाली, घरात पुन्हा लढाई कशाला. मी त्यांना कंगवे दाखवले. तुझ्याकडं याचं उत्तर असलं तर कळव.

सगळ्यात पक्कं गिऱ्हाईक कोण म्हणशील तर शेजारची भागूबाई, तुला पेरू चोरताना धरलं होतं ती. आणि तिच्यासमोर तुझी आई. दुपारचं निवडणंटिपणं झालं की दोघी ओट्यावर. भागूबाईच्या यानाचं इंधन परवा मधेच संपलं.

"आता ह्ये हितंच सडायचं व्हय?" भागूबाई म्हणाली. "पुन्याच्या लोकान्ला अक्कल न्हाई."

"आसं कसं सडंल," तुझी आई म्हणाली. "शेजारचं आपलं यान लावायचं अन् वढत घरी न्यायचं. गाडी रुतली तर काय करतो आपन? दुसऱ्याचे बैल जोडतो का न्हाई?"

"आन् जोडणाऱ्याचं इंधन?"

"त्याचं दुप्पट जाईल. फुकट कुनी वढतं का, बया."

मास्तर तिथंच होते. म्हणाले, "वहिनी, नियम पक्का केलात." तुझ्या आईनं मला हाक मारून सांगितलं, "ह्ये लिवा त्याला. पन माझं नाव घालू नका. गिऱ्हाईक म्हनलं आसं लिवा. आईनं सांगितलं म्हनल्यावर पोरगं हसंल, न्हाईतर उगंच मान हलवंल." म्हणून लिहितो: एका गिऱ्हाइकाचं असं म्हणणं आहे. त्याच गिऱ्हाइकानं कागदी चिठ्ठ्या फेकून चिंचोके घेतले आहेत, ते वाऱ्यानं उडत नाहीत.

त्या गिऱ्हाइकाचे डोळे जरा पिवळे दिसतात आणि जेवण जात नाही. मुळ्याचा रस चालू आहे. हे लिहू नका असंही ती म्हणाली आहे, म्हणून लिहीत नाही.

तुझा
आप्पा


बेलापूर,
१० मार्च १९७२

चि. बन्सीस आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. ओढून नेण्याचा नियम घातलास, यानांच्या बुडाला शिशाची चकती लावलीस, हे वाचलं. मुंबईच्या खेळणीवाल्या साहेबांची पाडव्याआधी भेट ठरली, तेही वाचलं. चांगलं झालं. शर्ट इस्त्रीचा घाल.

उत्तराला उशीर झाला. दुकान मधे काही दिवस बंद होतं. निवडणुकीच्या जीपा सारख्या फिरत होत्या, धूळ फार. आता उघडलंय. तुझा चुलतभाऊ गोरक्ष सध्या माझ्याकडंच राहतो. त्यानं डोकं केलंय, तुळतुळीत. ऊन लवकर चढलं यंदा.

आईचं विचारलंस. तिला आता कसलाच त्रास नाही. औषधं बंद केली आहेत.

गिऱ्हाइकांचं म्हणशील तर, डबे दोन-चार गेले. साखर कारखान्यातल्या एका कारकुनानं घेतला, तो म्हणाला पट काळा आणि यानं निळी, कंदिलाला दिसत नाहीत. एक बाजू पिवळी कर. किंवा पांढरी. पिवळी नको, पांढरी कर. नृसिंह मास्तर म्हणाले की खेळ शाळांना दाखवावा, बक्षीस म्हणून शाळा घेतील. यात्रेत मांडावा असं गोरक्षचं म्हणणं. बरोबर असेल. मला हल्ली कोणाचंही म्हणणं बरोबर वाटतं.

भागूबाई ओट्यावर येत नाही. मी दुपारी पट मांडतो. दोन्ही बाजूंनी मीच खेळतो. कोण जिंकलं ते आवरताना ध्यानात राहत नाही. इंधन संपत नाही, कारण मी मोजायचं विसरतो. हेही अभिप्रायात धर: एकट्यानं खेळण्यासारखा हा खेळ नाही.

तू लिहिलंस, 'ते गिऱ्हाईक म्हणजे आईच की, लपवताय कसलं, तिला आणखी विचारा, तिला खेळ कळतो.' विचारलं. ती म्हणाली की तोफ लागलेलं यान कायमचं बाहेर काढू नये. ज्याचं गेलं त्याला डावात एकदा ते परत मांडू द्यावं. आपल्या घरातून, भरल्या इंधनानं. एकदाच. असं तिचं म्हणणं आहे. हे घाल.

बाकी काही नाही. भेट झाली की लगेच कळव. लगेच.

तुझा
आप्पा


बेलापूर,
२७ मार्च १९७२

चि. बन्सीस,

हे पत्र बसून वाच. शामकांत खोलीत असेल तर त्यालाही बसव.

तुझी आई गेली. मागच्या पत्राच्या आधीच गेली, होळीच्या दुसऱ्या दिवशी. कावीळ उतरली नाही. श्रीरामपूरच्या डॉक्टरांना दाखवलं होतं, त्यांनी नगरला न्या म्हटलं, गाडी सांगितली होती, गाडी यायच्या आत सकाळीच गेली. मी पाणी आणायला आत गेलो होतो, एवढ्यात. भागूबाई जवळ होती. त्रास झाला नाही असं ती म्हणते. मी तिला जास्त विचारलं नाही.

मागच्या पत्रावर श्री नव्हता. सुतकात लिहीत नाहीत. तुझ्या ध्यानात आलं नसेल, तुम्ही पोरं वरची ओळ वाचत नाही. मला वाटत होतं ध्यानात यावं, आणि वाटत होतं येऊ नये.

तार का केली नाही, हे तू विचारशील. विचारायला पाहिजेस. जायच्या आदल्या दिवशी ती मला म्हणाली, "त्याचं मुंबईचं काम होईस्तोवर त्याला कळवू नका. कळलं की डोकं करून धा दिस बसंल. मुंबईचा सायेब काय आपल्यासाठी थांबतो?" मी म्हटलं, "काहीतरी बोलू नको, बरी होशील." ती म्हणाली, "बरी झाले तर सवालच न्हाई. न्हाई झाले तर मान हलवा." मी मान हलवली. ती एवढंच बघत होती, मान हलते का नाही.

अग्नी गोरक्षनं दिला. लोकांनी विचारलं, बन्सी कुठंय. मी म्हटलं, तार पोचली नाही. काहींनी खरं मानलं. काही म्हणाले, चंद्रावर तार कशी पोचंल. भागूबाईनं त्यांना काय सुनावलं ते लिहिण्यासारखं नाही.

दहाव्याला प्रवरेवर पिंड ठेवला. कावळा झाडावर होता, खाली येईना. गोरक्ष म्हणाला, काकी, आप्पांना मी सांभाळतो. आला नाही. भागूबाई म्हणाली, बन्सीचं लगीन लावून देऊ. आला नाही. ऊन डोक्यावर आलं. मग मी मनातल्या मनात म्हटलं, बन्सीचं काम होईपर्यंत त्याला कळू देणार नाही. कावळा उतरला आणि शिवला. सगळे सुटले असं म्हणाले. मी तिथं दिलेला शब्द आज मोडतो आहे, पेन हातात धरून, धडधडीत दिवसा.

का मोडतो ते आता सांगतो.

तुझं पत्र परवा आलं. साहेबांनी भेट पुढं ढकलली, एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात ठेवली, हे वाचलं. तेवढ्यावर मी गप्प बसलो असतो. आणखी एक महिना म्हटला असतास तरी बसलो असतो, कारण गप्प बसायला मला हल्ली काही लागत नाही. पण पुढं तू लिहिलंस की यान परत मांडायच्या नियमानं खेळात जीव आला, शामकांत रोज तोच खेळतो, आणि झाकणाच्या आत ठळक अक्षरांत 'आईचा नियम' म्हणून तो छापायला दिला आहे. साहेबांना पहिल्यांदा तोच दाखवणार.

बन्सी, तो नियम तिचा नाही. तो माझा आहे. दहावं उरकून घरी आल्यावर तुझ्या पत्राला उत्तर लिहायला बसलो, तू म्हटलेलं, तिला आणखी विचारा. विचारायला मी आत बघितलं. मग जे हाताला आलं ते लिहिलं.

ती असं म्हणाली नसती. तिचा तसा खेळच नव्हता. एकदा भागूबाई तिच्या पाया पडली, "रतने, येवढं एक परत दे गं." तुझी आई म्हणाली, "परत द्यायचं व्हतं तर मारलं कशाला? माझी तोफ काय फुकटची हाय?" मेलेलं यान ती उचलायची, डब्यात टाकायची आणि वर झाकण लावायची. भागूबाई ते पटाशेजारी ठेवायची तर हिला खपायचं नाही. म्हणायची, "त्येच्याकडं बघत बसशील अन् हायेत ती बी घालवशील."

आता तिचं हे असलं बोलणं, आणि छापून येणार त्याच्या बरोबर उलटं, तिच्या नावानं. पुण्यामुंबईची माणसं खेळतील आणि म्हणतील, बाई मोठी मऊ मनाची होती. मऊ मनाची होतीच, पण खेळात नाही. खेळात रडीचा डाव तिला चालायचा नाही. लोकांना तिची ओळख होणार ती एवढीच, तीही चुकीची, आणि ती चूक मी घातलेली. दुकानदारानं गिऱ्हाइकाच्या तोंडात आपलं बोलणं घालू नये, बाकी काहीही करावं.

म्हणून छापखान्यात आधी सांग, ते नाव काढा. नियम चांगला असला तर ठेव, मला त्यातलं कळत नाही. पण तिच्या नावानं नको, माझ्याही नावानं नको. तिचा होता तो ओढून न्यायचा, आणि त्याला तिनं नाव घालू नका म्हणून बजावलं होतं.

भटजींना विचारून ठेवलंय. आईबापाचं सुतक लेकाला कळल्या दिवसापासून दहा दिवस. म्हणजे पाकीट उघडलंस तिथून. मुंबईची भेट बरोबर त्यात येते. तिनं टाळायचं ठरवलं होतं ते नेमकं मी घडवून आणलं. तू डोकं करून जा, न करता जा, जाऊ नको, शामकांतला एकट्याला पाठव. मी एकाही बाजूनं बोलणार नाही. तिचं म्हणणं काय होतं ते वर लिहिलं आहे. त्यात माझं काही मिसळलेलं नाही, एवढं या वेळी खात्रीनं सांगतो.

तुझ्या हातचा अग्नी मी घालवला. तो परत देता येत नाही. त्याबद्दल तुला मला जे बोलायचं असेल ते इथं येऊन बोल. दुकानात माणसं असली तरी चालेल.

मला अजून रडू आलेलं नाही. लोक म्हणतात, आप्पा खंबीर आहे. खंबीर कसला. दाढ काढायच्या आधी भूल देतात ना, त्यानंतर गाल होतो तसं झालंय. आपलाच गाल, पण चावला तरी कळत नाही. यंदा गुढी उभारली नाही. स्वैपाक गोरक्ष करतो, भाकरी जाड होते, खातो. डबे अजून आहेत दुकानात. परवा श्रीरामपूरहून एक जोडपं आलं, "विमानांचं द्या" म्हणालं, दिला. बाईनं विचारलं, सोपा आहे का? मी म्हटलं, माझ्या बायकोला येतो. मग दुरुस्त केलं नाही. गिऱ्हाईक घाईत होतं.

या पत्राचा वरचा कोपरा मी फाडला आहे, ते पाकीट उघडताच दिसलं असेल. असलं पत्र घरात ठेवत नाहीत, वाचलं की फाडून टाकतात. तू रूढी मानत नाहीस, तरी एवढी मान, शामकांतच्या खोलीत असलं पत्र नको. मात्र पाकिटात दुसरा एक कागद आहे. त्याचे चारी कोपरे शाबूत आहेत. ओट्यावर बसून ती खेळाबद्दल जे जे बोलली त्यातलं मला आठवलं ते त्यावर आहे. नाव जिभेवर बसलं पाहिजे, दातात अडकायला नको. फासा पडला की आवाज यायला हवा. सोपं सोपं करून लेकराला हरायला शिकवायचं सोडू नको. अशा सात-आठ ओळी आहेत. भागूबाईकडून दोनदा तपासून घेतल्या. तिनं एक ओळ खोडली, म्हणाली ही रतन नव्हती बोलली, ही मी बोलले होते. खोडली आहे.

त्या कागदावर मी तारीख घातली नाही, आशीर्वाद घातला नाही, सही केली नाही. तो घरात ठेवायला कुणाची हरकत नाही. तो गिऱ्हाइकाचा अभिप्राय आहे.

हे फाड. तो ठेव.

आप्पा